मेढ कुठे होती?

मु. पो. घरच, ता. अमळनेर
धुळवडीचा दुसरा दिवस

प्रिय दिन्या,

फोनवर तू विचारलंस, "एवढी वर्षं त्या यीस्टमध्ये शोधतोस तरी काय?" मी "अरे, क्रोमॅटिन..." म्हणेपर्यंत तुझ्या मागचे लूम सुरू झाले. बरंच झालं, फोनवर मला ते जमलं नसतं. पण परवा शेतात आबांचं आणि काकांचं भांडण झालं. त्यावरून सांगतो.

दादर ज्वारी काढणीला आलीय. थ्रेशर कुठे उभा करायचा यावरून जुन्या खळ्याचा आणि त्याच्या मेढीचा, म्हणजे मळणीचे बैल ज्याभोवती फिरायचे त्या मधल्या खांबाचा, विषय निघाला. आबांनी निंबाखाली काठी टेकवली, "मेढ आठे व्हती." काका म्हणे, नाही, दहा पावलं तिकडे. तासभर दोघं हटेनात. सातबाऱ्यावर गट नंबर आहे, विहीर आहे, खळ्याचं नाव नाही. मातीही सगळीकडे तीच काळी. दरसाल खुरपून, पाणी मारून, बैल फिरवून, शेणानं सारवून ते केलं जायचं, म्हणून ते तिथं होतं. थ्रेशर आला, सारवणं थांबलं, आणि खळ्यावर दादर उगवली.

दिन्या, मी शिकतो ते हेच.

पेशी दुभंगताना प्रत्येक गुणसूत्राची एक प्रत इकडे, एक तिकडे जायला हवी. ओढणाऱ्या दोऱ्या गुणसूत्राला एकाच जागी बांधल्या जातात. ती जागा म्हणजे सेन्ट्रोमिअर, आपली मेढ. मेढ हरवली की एका लेक-पेशीला एक गुणसूत्र जास्त, दुसरीला एक कमी.

पावाच्या यीस्टचं सोपं आहे. त्याची १६ गुणसूत्रं, आणि प्रत्येकावर मेढीची जागा डीएनएतच लिहिलेली, जेमतेम १२५ अक्षरांत. १९८० साली क्लार्क आणि कार्बन या शास्त्रज्ञांनी कॅलिफोर्नियात त्यातला पहिला तुकडा वेगळा काढला. म्हणजे इथं खळं सातबाऱ्यावर चढलेलं. माझं यीस्ट दुसरं, पोम्बे. स्वाहिलीत पोम्बे म्हणजे बिअर. आफ्रिकेतल्या तृणधान्याच्या बिअरमधूनच ते सापडलं. (आईला हे अजून सांगितलेलं नाही.) त्याची गुणसूत्रं तीनच, पण सेन्ट्रोमिअर ३५ हजार ते एक लाख दहा हजार अक्षरांचे, आणि नुसत्या अक्षरांवरून तिथं मेढ ठरत नाही. कॅन्डिडा नावाचं आणखी एक यीस्ट तर त्याहून वस्ताद: आठ गुणसूत्रं, आठ सेन्ट्रोमिअर, एकाचीही अक्षरं दुसऱ्याशी जुळत नाहीत. हे २००४ साली दाखवणाऱ्यांत कौस्तुव सन्याल होते, पुढे बेंगळुरूत त्यांनी याच विषयाची प्रयोगशाळा उभी केली.

मग खूण कसली? डीएनए प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो, एका रिळावर साधारण १४७ अक्षरं. या गुंडाळीलाच क्रोमॅटिन म्हणतात. सगळीकडे त्या रिळात एच-थ्री नावाचं प्रथिन. फक्त सेन्ट्रोमिअरवर त्याच्या जागी त्याचा चुलतभाऊ बसतो. पोम्बेत त्याला सीएनपी-वन म्हणतात. पण डीएनएची प्रत निघाली की जुनी रिळं दोन्ही प्रतींत वाटली जातात, आणि मोकळ्या जागी साधं एच-थ्री येऊन बसतं. दादर उगवली म्हण ना.

इथं खुरपं लागतं. एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, जाळून रिळं सरकवणारी, उपटणारी प्रथिनयंत्रं असतात, त्यांनाच क्रोमॅटिन रिमॉडेलर म्हणतात. पोम्बेत एचआरपी-वन आणि आयएनओ-८० एच-थ्रीला उठवतात, मग सीएनपी-वनला जागा मिळते. एफएफटी-थ्री बांध राखतं, शेजारच्या शेतातलं क्रोमॅटिन आत घुसू देत नाही. आणि पावाच्या यीस्टमध्येसुद्धा, जिथं सगळं लिहून ठेवलंय, हा चुलतभाऊ भलतीकडे बसला तर स्विस्निफ नावाचं यंत्र त्याला तिथून हाकलतं. मला सगळ्यात भारी वाटतं ते हेच. जागा कागदावर असली तरी दुसरीकडचं तण काढावंच लागतं!

आमच्या यीस्टमध्ये एक जास्तीचं छोटं गुणसूत्र सोडलेलं असतं. ते आहे तोवर वसाहत पांढरी, पेशीनं ते हरवलं की तिची सगळी पिल्लावळ लाल. रिमॉडेलर बिघडवलेलं यीस्ट ३२ अंशांवर चार दिवस ठेवलं की टाचणीच्या डोक्याएवढ्या पांढऱ्या वसाहतीत कलिंगडाच्या फोडीसारखी लाल पाचर दिसते. ती पाचर कुठल्या पेशीपासून सुरू झाली, तिथं मेढ निसटली.

मागच्या वर्षी मात्र माझ्या सगळ्या प्लेटा तीन आठवडे पांढऱ्याशुभ्र. मला वाटलं मोठा शोध लागला, गाईडला मेलही लिहून ठेवला. निघालं काय, तर यीस्ट ज्यावर वाढवतो त्या माध्यमात ॲडेनिन नावाचं पोषकद्रव्य जास्त पडलेलं. मग लाल रंग चढतच नाही. नशीब, मेल पाठवला नव्हता.

आईनं फोनमधला त्या प्लेटचा फोटो पाहिला नि म्हणाली, "हाई काय शे? कुंकूना डाग?" मी हो म्हणालो.

थ्रेशर शेवटी रस्त्याकडेलाच उभा राहिला. आबा अजून रोज संध्याकाळी निंबाखाली जाऊन काठीनं उकरतात. मेढीचा खड्डा सापडेल म्हणतात. तू अखाजीला ये. उधन्याहून रात्रीची गाडी पकड, स्टेशनवर मी येतो. लहानपणी मळणीच्या बैलांची पात हाकताना तू मेढीला डोकं आपटून घेतलं होतंस, तेव्हा कुठे होती ते तुलाच आठवत असेल.

तुझा,
भाऊ