सहाव्या कंपार्टमेंटचं दार

ता. साकोली, जि. भंडारा
८ डिसेंबर

चि. बाबूस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू रागावलास. गुडघे धरतात म्हणून बाबा तलावापर्यंत फिरायला जात नाहीत आणि घाटंजीकडच्या एका खेड्यात तेरवीला मात्र तीन एस्ट्या बदलून जातात, हे कसं, असं विचारलंस. मी 'आता हाफ तिकीट लागते ना' म्हणून वेळ मारून नेली. फोनवर मला बोलता येत नाही, हे तुझी आई तुला लहानपणापासून सांगत आलीच आहे. धानाचं चुरणं काल आटोपलं. आज हात रिकामे आहेत, म्हणून लिहितो.

आजची तारीखही बरी सापडली. नौदलात ८ डिसेंबर हा पाणबुडी दिवस. १९६७ साली या दिवशी रीगा बंदरात, तेव्हाच्या सोव्हिएत युनियनमध्ये, 'कलवरी'वर आपलं निशाण चढलं. देशाची पहिली पाणबुडी. सुएझ कालवा युद्धामुळे बंद होता, म्हणून ती आफ्रिकेला वळसा घालून विशाखापट्टणमला आली. आपल्या गावात हे कोणाला सांगू? इथं पाणबुडी म्हणजे बोडीतली टिबुकली. तुझी आजी त्या पाखराला पाणबुडीच म्हणायची. इथं बुडालं, तिथं निघालं. मी पाणबुडीत भरती झालो हे कळल्यावर गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांना वाटलं, पोरगा विहिरीत पडलेल्या बादल्या काढायच्या खात्यात लागला.

तर घाटंजीवाले काका गेले. तुला ते मोटारवाले काका म्हणून आठवत असतील. आपल्या विहिरीवरची मोटार जळली तेव्हा तिकडून तांब्याची तार घेऊन आले होते आणि रात्रभर ओसरीत बसून रिवाइंडिंग केलं होतं. ती मोटार पुढं अकरा वर्षं चालली.

तेरवीला मांडवाच्या तोंडाशी भलंमोठं फ्लेक्स. काकांचा फोटो, मागं बर्फाचे डोंगर आणि बाजूला रणगाडा. बाबू, त्या माणसानं आयुष्यात बर्फ पाहिला असेल तर रसवंतीवर. पेपरातही दोन ओळी होत्या, 'सैन्यातून निवृत्त'. चूक कोणाची म्हणू? फ्लेक्सवाल्याकडे माजी सैनिकासाठी तेवढंच एक चित्र असेल. काकांनीही घरात कधी काही सांगितलं नव्हतं. बायकोला एवढंच माहीत की हे जहाजावर होते, विजेचं काम करत.

विजेचं काम म्हणजे काय, ते ऐक.

आमची 'कुरसुरा' फॉक्सट्रॉट जातीची बोट. पाणबुडीला आम्ही बोटच म्हणतो, जहाज म्हटलं की राग येतो. लांबी एक्क्याण्णव मीटर, पोटात सात कंपार्टमेंट, माणसं पंचाहत्तरच्या आसपास. पाचव्यात तीन डिझेल इंजिनं, तिथं मी. सहाव्यात तीन विजेच्या मोटारी, तिथं ते. डिझेलला हवा लागते, म्हणून बोट वर असेल किंवा पाण्याखालून नुसती नळी बाहेर काढून स्नॉर्ट करत असेल तेव्हाच माझं काम. त्या वेळात बॅटऱ्या भरून घ्यायच्या. डुबकीचा हुकूम आला की माझी इंजिनं बंद आणि त्यांच्या मोटारी सुरू. तो खडखडाट एकदम थांबतो ना, त्यानंतरची शांतता मी पुन्हा कुठं ऐकली नाही. कानात दडा बसल्यासारखं होतं. मग सहाव्यातून बारीक गुणगुण सुरू व्हायची. ती गुणगुण म्हणजे घाटंजीवाले काका. एकाचं काम संपलं की दुसऱ्याचं सुरू, अशी आमची आठ वर्षं गेली. झोपायचा बंकही एकच. मी उठलो की ते आडवे व्हायचे, अंथरूण गरमच असायचं.

त्या जातीची बोट मुळात थंड समुद्रासाठी आखलेली आणि आम्ही ती बंगालच्या उपसागरात चालवायचो. इंजिनाजवळ पारा पन्नाशीच्या वर. अंघोळ नाही, गोडं पाणी पिण्यापुरतं आणि स्वयंपाकापुरतं. अंगाला डिझेलचा वास असा मुरायचा की सुटीवर आलो की आईच्या म्हशी मला बिचकायच्या.

आता दाराची गोष्ट. कंपार्टमेंट आणि कंपार्टमेंट यांच्यामध्ये जाड लोखंडी दार असतं. एका कंपार्टमेंटमध्ये पाणी शिरलं किंवा आग लागली, तर दार बंद करायचं. कोण कुठल्या बाजूला राहिलं हे बघायचं नाही. सरावात एकदा घंटा झाली आणि माझा पाय दाराच्या उंबऱ्यापासून हातभर लांब होता. काकांनी माझ्याकडे बघितलं आणि दार ओढून घेतलं. कडी फिरल्याचा आवाज आला. सराव संपल्यावर दार उघडून म्हणाले, "च्या घेतं का?" मी घेतला. त्या दिवसानंतर मी त्यांच्या शेजारी बिनघोर झोपलो. तुझ्या ऑफिसात हे कसं समजावून सांगशील मला माहीत नाही. पण जो आपल्यावर दार लावू शकतो त्याच्याच भरवशावर बाकीचे सत्तर जण असतात, आणि आपणही त्यांच्यावर लावलं असतं हे दोघांना माहीत असतं.

तुझे आजोबा गेले तेव्हा मी समुद्रात होतो. गस्तीवरच्या बोटीला घरची खबर देत नाहीत. तार तळावर पडून राहिली. काका त्या फेरीत आजारी म्हणून किनाऱ्यावर होते, त्यांनी ती पाहिली. चार दिवसांची रजा काढली, रायपूरवरून गोंदियाची गाडी पकडली आणि ज्या गावात एक माणूस ओळखत नव्हता त्या गावात तेरवीला येऊन उभे राहिले. तुझ्या आजीनं विचारलं, माझा पोरगा कुठं आहे? ते म्हणाले, "पाण्याखाली आहे जी. तार पोचत नाही." आजी म्हणाली, "पाण्याखाली माणूस जगते का?" काकांनी म्हणे उत्तर दिलं नाही, पंगतीची पातेली उचलायला गेले. मला हे सगळं वीस-बावीस दिवसांनी कळलं. त्यांच्याकडून नव्हे, आजीकडून.

मी तीन एस्ट्या बदलल्या त्या म्हणून.

पेटीत सातबाराच्या फायलीखाली एक हिरवी वही आहे. तीत गेलेल्यांची नावं आहेत. घाटंजीवाले काका सतरावे. प्रत्येकाच्या नावापुढं एक-दोन ओळी मी लिहून ठेवतो. जयंती-पुण्यतिथी नाही, जे आठवतं ते. एक आमचा कुक होता, केरळचा. चौथ्या कंपार्टमेंटमध्ये दोन माणसं उभी राहणार नाहीत एवढ्या जागेत पंचाहत्तर जणांचं रांधायचा. पोळ्याच्या दिवशी आम्ही चार विदर्भातले हिरमुसून बसलो, तर त्यानं कोणालातरी विचारून हरभऱ्याच्या डाळीचं काहीतरी गोड केलं. पुरणपोळी ती नव्हती. पण वहीत मी 'पुरणपोळी' असंच लिहिलं आहे. तो २०२१ च्या मे महिन्यात कोरोनात गेला. कोणालाच जाता आलं नाही.

आमचा तेलुगू चीफ 'कुरसुरा' आणायला स्वतः रीगाला गेलेला. १८ डिसेंबर १९६९ ला ती नौदलात आली तेव्हा डेकवर उभा होता. व्हॉल्व्हवरच्या रशियन पाट्या तो पेपरासारख्या वाचायचा, आम्हाला एक-दोन-तीन रशियनमध्ये शिकवायचा. शिव्या तेलुगूत. विशाखापट्टणमचं बंदर सोडून बोट बाहेर निघाली की तो दोन मिनिटं गप्प व्हायचा. नवा होतो, मी एकदा कारण विचारलं. म्हणाला, इथंच खाली 'गाझी' आहे. १९७१ च्या डिसेंबरात बुडालेली पाकिस्तानची पाणबुडी, आतल्या नव्वदच्या वर माणसांसकट. शत्रूच ते, आपल्याला मारायलाच आले होते, चीफही ते विसरला नव्हता. पण तो म्हणायचा, त्यांच्यातही कोणी पाचव्यात होता, कोणी सहाव्यात. हे गावात बोललो तर लोक काय म्हणतील मला ठाऊक आहे, म्हणून तुलाच लिहितो.

२००० सालच्या ऑगस्टात रशियाची 'कुर्स्क' बुडाली. ११८ माणसं. तू पाच वर्षांचा होतास. स्फोटानंतर तेवीस जण मागं नवव्या कंपार्टमेंटमध्ये जमले होते. त्यांच्यातल्या दिमित्री कोलेस्निकोव्ह नावाच्या अधिकाऱ्यानं अंधारात चाचपडत चिठ्ठी लिहिली. बायकोला निरोप आणि सोबतच्यांची नावं. चिठ्ठी पुढं त्याच्या खिशात सापडली. ते पेपरात आलं त्या रात्री काकांनी एसटीडी बूथवरून फोन केला. म्हणाले, "आपण काय लिहिलं असतं बे?" मी म्हटलं, तुझ्याकडे माझे चाळीस रुपये आहेत ते लिहिलं असतं. खूप हसले. पण वही मी त्याच महिन्यात सुरू केली.

'सिंधुरक्षक' तुला आठवते. १४ ऑगस्ट २०१३, मध्यरात्र नुकतीच उलटलेली, मुंबईच्या गोदीत उभ्या बोटीत स्फोट झाले. अठरा गेले, तीन अधिकारी आणि पंधरा नौसैनिक. तू होस्टेलवरून घरी आला होतास आणि आईला विचारत होतास की बाबा जेवत का नाहीत. त्यातल्या एकालाही मी ओळखत नव्हतो, तुझ्याहून थोडी मोठी पोरं ती. पुढच्या फेब्रुवारीत 'सिंधुरत्न'मध्ये धूर झाला, कपिश मुवाल आणि मनोरंजन कुमार हे दोन अधिकारी गेले, दोघांना मरणोत्तर शौर्य चक्र मिळालं. दोन्ही वेळा काकांचा फोन आला. दोन्ही वेळा आम्ही पावसापाण्याचं बोललो. त्यांच्याकडे बोंडअळी, आमच्याकडे तुडतुडा. मग फोन तसाच धरून बसलो. तुझी आई म्हणाली, बिल पडते ना.

'कुरसुरा' स्वतः नशिबाची. एकतीस वर्षं, ७३,५०० सागरी मैल, आणि भंगारात न जाता विशाखापट्टणमच्या आर. के. बीचवर वाळूत बसवली. २००३ च्या उन्हाळ्यात मी तुला तिथं नेलं होतं. तिकीट काढून. आत तू दाराच्या चौकटीवर कपाळ आपटून घेतलंस आणि रडलास, आठवतं? ते पाचव्या-सहाव्यातलंच दार. आता ते कायम उघडं असतं, लोक त्यात फोटो काढतात. मी कडीवर हात ठेवून बघितला. रंग मारमारून ती जाड झाली आहे.

घाटंजीहून निघताना काकूंनी एक डबी समोर ठेवली. म्हणाल्या, भाऊजी, हे मासोळ्याचं काय आहे ते पाहा जी, यांनी कपाटात जपून ठेवलं होतं, काल नातू घेऊन पळाला. डबी रिकामी होती. नातू नऊ-दहा वर्षांचा, मांडवामागं पऱ्हाटीच्या ढिगाजवळ क्रिकेट खेळत होता आणि टोपीवर बिल्ला टोचलेला. दोन डॉल्फिन, मधे सिंहमुद्रा. पाणबुडीचं शिक्षण आणि परीक्षा पार केल्याशिवाय तो छातीवर लागत नाही. मला आधी राग आला. मग त्याच्याजवळ ढिगावर बसलो आणि तुझा आबा कुठं बसायचा, काय करायचा, ते सांगितलं. पोरगा शहाणा, ऐकून घेतलं. मग विचारलं, "आबाला पाण्याखाली पाऊस कळे का?"

बाबू, इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी केला नव्हता. त्याला म्हटलं, कळे. आमचा एक सोनारवाला होता. दागिने घडवणारा नव्हे, पाण्यातले आवाज कानाला यंत्र लावून ऐकणारा. झिंगे तडतडले तर तो म्हणे फोडणीत मोहरी पडली. वर समुद्रावर पाऊस लागला की त्याला खाली आवाज येई, आणि जुलै असला तर तो आम्हाला निरोप धाडी. मग तुझा आबा सहाव्याच्या दारात येऊन उभा राही आणि मला म्हणे, "तुमच्या तिकडं रोवणी लागली असन." आणि मी म्हणे, तुमच्या पऱ्हाटीला डवरा फिरला असन.

पोरानं बिल्ला टोपीवरून काढला आणि शर्टाच्या डाव्या खिशावर लावून बघितला. उलटा लागला होता. मी सरळ करून दिला.

तुझे,
बाबा