पत्त्यांचा डाव समोरासमोर मांडू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलांच्या मोबाईलवेडाविषयी आपल्या पत्रात वरचेवर लिहिले जाते. त्यातीलच एक लहानशी, पण मला महत्त्वाची वाटणारी बाब मांडू इच्छितो. आमचा सातवीतला मुलगा पोकेमॉन हा, त्याच नावाच्या काल्पनिक प्राण्यांचे पत्ते जमवून खेळायचा खेळ दीड वर्ष केवळ मोबाईलवर खेळत होता. असे खेळ नवे नाहीत. रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने रचलेला 'मॅजिक : द गॅदरिंग' १९९३ साली आला, तर पोकेमॉनचे पत्ते १९९६ साली जपानमध्ये निघाले. ते मुळात हातात धरून खेळायचे आहेत, हे मात्र माझ्या मुलाला ठाऊकच नव्हते.

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून आलेल्या भाच्याने साठ पत्त्यांचा खरा कॅट काढून घरातल्या सोलापुरी चादरीवर डाव मांडला. हातात सात पत्ते, बाजूला बक्षिसाचे सहा पत्ते पालथे, आणि पत्त्यावरच्या प्राण्याचे हल्ल्यात झालेले नुकसान मोजायला चिंचोके. एक चिंचोका म्हणजे दहा. मोबाईलवर सहज जिंकणारा माझा मुलगा लगेच अडखळला, कारण तिथे पत्ते पिसणे, बेरीज करणे, एका पाळीत हातातून, हल्ल्याला लागणाऱ्या ऊर्जेचा एकच पत्ता जोडू देणे हे सारे यंत्रच पाहते आणि चुकीची चाल करूच देत नाही. इथे एकशे वीस शक्तीच्या पोकेमॉनवर आठ चिंचोके पडल्यावर किती उरले, हे त्याला बोटांवर मोजावे लागले. ऊर्जेचा दुसरा पत्ता त्याने नकळत जोडला, तेव्हा भाच्याने तो परत घ्यायला सांगितला आणि त्याने निमूटपणे घेतला. पिसलेला कॅट समोरच्यापुढे काटायला ठेवायचा असतो, हेही त्याला तेव्हाच कळले.

अदलाबदलीचेही तसेच. २०२३ साली आलेल्या 'पोकेमॉन टीसीजी लाइव्ह' या खेळाच्या मोबाईल अॅपमध्ये खेळाडूंना आपसांत पत्ते बदलता येत नाहीत. शेजारच्या तेलुगू भाषक घरातला मित्र आणि आमचा मुलगा यांनी मात्र दोन पत्त्यांच्या बदल्यात एक द्यावा की नाही, यावर अर्धा तास घासाघीस केली, आणि सौदा ठरल्यावर दोघेही खूश होते.

मोबाईलला मी दोष देत नाही. नियम मुलाने तिथेच शिकले, नवा कॅट पदरमोड न करता तिथे पारखता येतो, आणि भाचा परत गेल्यावर रोज खेळायला तेच साधन उरले. खऱ्या पत्त्यांना खर्च येतो. शिवाय एका दुकानातून आणलेली सोनेरी पाकिटे नकली निघाल्याने आमचे पैसे वायाही गेले आहेत. परंतु आज मुले मोबाईलकडे वळतात, त्याचे एक मोठे कारण समोर बसायला भिडू आणि जागा मिळत नाही हे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

म्हणून हिराचंद नेमचंद वाचनालयासारख्या शहरातील संस्थांना आणि शाळांना आपल्या पत्राद्वारे कळकळीची विनंती आहे की, रविवारी दुपारी दोन तास एखादी खोली अशा खेळांसाठी मुलांना उघडून द्यावी. दोन-तीन टेबले आणि डझनभर खुर्च्या पुरेत. लक्ष ठेवायला आम्ही पालक आळीपाळीने येऊ. पत्ते आणि चिंचोके मुले घरून आणतील.

आपला,
एक पालक, सोलापूर