मला ती चूक दिसलीच नाही

सोलापूर,
रविवार, दुपार

चि. रेखास,
अनेक आशीर्वाद.

सोनूचं चित्र मोबाइलवर बघितलं. झाड, खाली बकरी, मागे डोंगर. झकास काढलंय म्हणून आईला दाखवलं, तर ती म्हणाली, "अहो, पानं तपकिरी आणि खोड हिरवं केलंय की पोरानं!" चष्मा पुसून परत बघितलं. मला काही ती चूक दिसली नाही. आणि मग मात्र पोटात धस्स झालं.

वर्गात बाईंनी त्याला उभं केलं, घरी तूही ओरडलीस, ते कळलं. सासूबाईंनी "तुमच्याकडे कुणाला आहे का असं?" विचारल्यावर तू ठासून "नाही" म्हणालीस. तुझी चूक नाही, तुला कुणी सांगितलंच नव्हतं. आहे, रेखा. मला आहे. लाल-हिरव्यातला फरक मला कळत नाही, रंगांधळेपणा म्हणतात तो. आजवर फक्त तुझ्या आईला माहीत होतं.

1984 साली मी रेल्वेच्या भरतीची लेखी परीक्षा पास झालो होतो. मेडिकलला डॉक्टरांनी एक पुस्तक पुढे ठेवलं. पानापानावर रंगीत ठिपक्यांचे गोल आणि त्यात लपलेले आकडे. पहिल्या पानावरचा 12 वाचला. तो सगळ्यांनाच वाचता येतो म्हणे. पुढच्या पानांवर मला नुसतेच ठिपके. इशिहारा नावाच्या जपानी डॉक्टरांनी 1917 मध्ये काढलेली ही तपासणी आजही तशीच चालते. ज्याला सिग्नल बघायचा आहे त्याला लाल-हिरवं कळायलाच पाहिजे, त्यात रेल्वेचं काही चुकलं नाही. पण घरी येऊन मी सांगितलं, "वजन कमी भरलं."

मग चादरीच्या मागावर लागलो, म्हणजे आगीतून फुफाट्यात! लाल, हिरव्या, तपकिरी सुताच्या कांड्या एकाच डब्यात. एकदा धोट्यात चुकीची कांडी भरली आणि हातभर पट्टा वाया गेला, पगारातून पैसे कापले. शेजारच्या मागावरचे अण्णा तेलुगू बोलायचे, फार विचारायचे नाहीत. त्यांनी दुसऱ्या दिवशी डबे वेगळे केले. लाल रंगाच्या डब्याला सुताची एक गाठ, हिरव्याला दोन. त्या गाठींवर मी पुढची सगळी नोकरी काढली. मालकाला शेवटपर्यंत कळलं नाही.

आता हे सोनूकडे कसं आलं ते सांगतो, म्हणजे घरात कुणी कुणाकडे बोट दाखवायला नको. लाल-हिरवा फरक ओळखायला लावणारी जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात. बाईकडे एक्स दोन, एकात दोष असला तरी बहुतेक वेळा दुसरा निभावून नेतो. पुरुषाकडे एकच, दुसरा वाय. माझा एक्स तुला मिळाला, तो मिळणारच होता. तुला सगळे रंग दिसतात, पण तुझ्या प्रत्येक मुलाला तो दोष जायची शक्यता निम्मी. तुझ्या दादाला मी वाय दिला, त्यामुळे त्याच्या पोरांना हे माझ्याकडून जाणार नाही. आणि मला माझ्या आईकडून आलं. तिचा भाऊ, म्हणजे आमचा मामा, हिरवं लुगडं आणायला सांगितलं की विटकरी घेऊन यायचा आणि वर दुकानदाराशी भांडायचा. आम्ही हसायचो. आता कळतंय.

सोनूला तपासून आण. सहा वर्षांच्या पोराची तपासणी होते. आकडे सांगता आले नाहीत तर ठिपक्यांतल्या वाटेवरून बोट फिरवायला लावतात. जन्मजात असेल तर त्याला औषध नाही, थेंब नाही, व्यायाम नाही. रंगीत काचांच्या चष्म्याच्या जाहिराती येतात. काहींना त्याने रंगांतला फरक थोडा जास्त जाणवतो, पण दोष जात नाही. तेव्हा लगेच पैसे घालू नकोस. हे वाढतही नाही, नजर आणखी अधू होत नाही. मोठेपणी अचानक किंवा एकाच डोळ्याने रंग फिके दिसायला लागले तर ती गोष्ट वेगळी, तेव्हा डॉक्टरांकडे पळायचं.

खडूंच्या कागदावर रंगांची नावं लिहून दे. बाईंना भेटून सांग, नकाशात आणि तक्त्यात रंगाबरोबर रेघा किंवा अक्षरंही द्या म्हणावं. ओरडणं तेवढं थांबव. त्याला जे दिसलं तेच त्याने रंगवलंय.

गेलीसच तर नजरही पूर्ण तपासून घे, एकेक डोळा झाकून. एक डोळा चांगला असला की पोरगं त्याच्यावरच चालवून नेतं, कुणाला पत्ता लागत नाही, आणि दुसरा आळशी होऊन बसतो. चांगला डोळा पट्टीने झाकून आळशी डोळ्याला कामाला लावायचं ते लहानपणीच, सात-आठ वर्षांनंतर फरक कमी पडत जातो. तुझ्या वेळी आम्ही उशीर केला होता. सहावीत जाईपर्यंत तू फळ्यावरचं शेजारणीच्या वहीतून उतरवत होतीस आणि मी तुला चेंगट म्हणायचो. उणे अडीचचा नंबर निघाला. पहिल्या दिवशी चष्मा लावून तू सिद्धेश्वर तलावाच्या काठावर उभी राहिलीस आणि म्हणालीस, "आप्पा, देवळावरचे पक्षी वेगळे वेगळे दिसतात." त्या दिवशी तरी मी माझं सांगायला पाहिजे होतं.

पोलीस, सैन्य, रेल्वे यांतल्या काही जागा सोनूला बंद राहतील, हे त्याला दहावीनंतर नाही, आधीच सांगू. गाडीचं म्हणशील तर 2020 पासून नियम सैल झालाय, सौम्य आणि मध्यम दोष असलेल्यांनाही लायसन मिळतं.

पुढच्या शनिवारी हुतात्मा एक्सप्रेसने येतोय. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी आई बांधून देईल. सोनूला मी स्वतः सांगणार आहे, तू आधी काही बोलू नकोस. सुताच्या गाठी कशा मारायच्या तेही दाखवीन. ते चित्र मात्र खोडायला लावू नकोस, मला तसंच पाहिजे. आणि आम्हा दोघांना टोमॅटो आणायला पाठवू नकोस.

तुझा,
आप्पा