दोन पराभव आणि त्यांची परतफेड

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बॉक्सिंगमधल्या हेवीवेट, म्हणजे सर्वांत जड वजनगटाच्या, विजेत्यांच्या निवृत्तीवरचा आपल्या क्रीडा पानावरील लेख वाचला. त्यात लेनॉक्स लुईसच्या वाट्याला जेमतेम चार ओळी आल्या आहेत. त्यातल्या तीन ओळी विटाली क्लिचकोशी झालेल्या त्याच्या शेवटच्या लढतीवर खर्च झाल्या. ‘हरता हरता वाचला आणि परतीची लढत न देता निघून गेला’ असा त्यांचा सूर आहे. गेली तीस वर्षे हा खेळ जिवाभावाने पाहत आलेल्या माझ्यासारख्या वाचकाला हे फार लागले.

आधी त्या लढतीबद्दलच बोलतो. ती टाळून लुईसची बाजू मांडणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. २१ जून २००३, लॉस एंजेलिस. ठरलेला प्रतिस्पर्धी कर्क जॉन्सन जखमी झाला आणि जेमतेम दोन आठवडे उरले असताना क्लिचकोचे नाव पक्के झाले. लुईस तेव्हा ३७ वर्षांचा होता. वजन २५६.५ पौंड, म्हणजे कारकिर्दीतले सर्वांत जास्त. दुसऱ्या फेरीत तो चांगलाच हादरला. तिसऱ्या फेरीत त्याच्या उजव्या ठोशाने क्लिचकोच्या डाव्या डोळ्याच्या वर मोठी जखम झाली आणि सहावी फेरी संपल्यावर डॉक्टरांनी लढत थांबवली. त्या क्षणी तिन्ही परीक्षकांच्या कागदावर क्लिचको ५८-५६ असा पुढे होता. हे सारे मान्य. पण ती जखम डोक्याला डोके आपटून झालेली नव्हती, ठोशाने झालेली होती. सहाव्या फेरीतला लुईसचा अपरकट, म्हणजे खालून वर हाणलेला ठोसा, ज्यांनी पाहिला आहे, ते ‘वाचला’ हा शब्द इतक्या सहज लिहिणार नाहीत. परतीची लढत त्याने द्यायला हवी होती, हे मात्र माझेही मत आहे. ती उणीव त्याच्या नावावर राहणारच.

प्रश्न असा की एका संध्याकाळचे वजन किती धरायचे? हेवीवेट विजेता रॉकी मार्सियानो १९५६ मध्ये ४९ पैकी ४९ लढती जिंकून निवृत्त झाला. तेव्हापासून त्याच्या पराभवाच्या रकान्यातले शून्य हेच मोजमाप होऊन बसले आहे. मार्सियानोबद्दल मला नितांत आदर आहे. पण पराभवानंतर माणूस काय करतो, हे त्या शून्यावरून कळत नाही. लुईसबाबत ते कळते, आणि म्हणूनच मला तो इतका मोठा वाटतो.

त्याचा पहिला पराभव २४ सप्टेंबर १९९४ चा, लंडनच्या वेम्बलीत. ऑलिव्हर मॅकॉलच्या एका उजव्या ठोशाने दुसऱ्या फेरीतच सारे संपले. मॅकॉलच्या कोपऱ्यात त्या रात्री प्रशिक्षक म्हणून इमॅन्युएल स्टुअर्ड होता. लुईसच्या खेळातली फट ज्याने हेरली, त्याच माणसाला लुईसने पुढे आपला प्रशिक्षक केले. मला त्याच्या कारकिर्दीतली ही सर्वांत मोठी गोष्ट वाटते, कुठल्याही नॉकआउटहून मोठी. अपमान गिळून, ज्याच्यामुळे हरलो त्याच्याकडेच शिकायला जाणे किती जणांना जमते? फेब्रुवारी १९९७ मध्ये मॅकॉलशी पुन्हा गाठ पडली तेव्हा मॅकॉल रिंगमध्येच मनाने कोसळून रडू लागला आणि पाचव्या फेरीत लढत थांबवावी लागली. तो विजय साजरा करण्यासारखा नव्हता. खरी परतफेड दिसली ती पुढे. नोव्हेंबर २००० मध्ये डेव्हिड तुआसारख्या घणाघाती बॉक्सरला त्याने बारा फेऱ्या डाव्या जॅबच्या, म्हणजे पुढच्या हाताच्या सरळ, झटपट ठोशाच्या, टोकावर ठेवले, तेव्हा स्टुअर्डची शिकवण जॅबागणिक दिसत होती.

दुसरा पराभव हसीम रहमानकडून, एप्रिल २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या ब्राकपानला. समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरहून उंच असलेल्या त्या जागी रहमान लवकर जाऊन सराव करत होता. लुईस चित्रपटाच्या चित्रीकरणात अडकून उशिरा पोहोचला आणि पाचव्या फेरीत आडवा झाला. हा दोष सर्वस्वी त्याचाच. परतीच्या लढतीचे कलम करारात असूनही ती मिळवायला त्याला न्यायालयात जावे लागले. नोव्हेंबरमध्ये चौथ्याच फेरीत त्याने रहमानला झोपवले.

आणि इव्हँडर होलीफिल्डशी झालेली ती बरोबरी! मार्च १९९९, मॅडिसन स्क्वेअर गार्डन. ठोसे मोजणाऱ्यांच्या हिशेबात लुईसचे ३४८ लागले, होलीफिल्डचे १३०. तरीही एका परीक्षकाने होलीफिल्डला ११५-११३ असे विजयी ठरवले, दुसऱ्याने बरोबरी दिली. आजही ते गुण आठवले की संताप होतो. लुईसने आठ महिन्यांनी होलीफिल्डविरुद्ध पुन्हा हातमोजे चढवले, तिन्ही परीक्षकांचा कौल मिळवला आणि निर्विवाद विजेता झाला. व्यावसायिक रिंगमध्ये जो जो समोर आला, त्या प्रत्येकाला त्याने कधी ना कधी हरवले. ४१ विजय, २ पराभव, १ बरोबरी या आकड्यांतून हे सहज लक्षात येत नाही.

माइक टायसनला त्याने जून २००२ मध्ये मेम्फिसला आठव्या फेरीत हरवले, पण तो टायसन उतरणीचा होता, असा आक्षेप नेहमी येतो. टायसन उतरणीचा होता, हे खरेच. पण १९९६ मध्ये आव्हान देण्याचा हक्क लुईसचा असताना त्याला ४० लाख डॉलर देऊन थांबवण्यात आले आणि पुढे टायसनने त्याच्याशी लढण्याऐवजी विजेतेपदाचा पट्टाच सोडून दिला. उशिराचा दोष लुईसच्या माथी कसा मारायचा? रिडिक बोचेही तसेच. १९८८ च्या सोल ऑलिम्पिकच्या अंतिम लढतीत लुईसने त्याला दुसऱ्या फेरीत हरवले होते. डिसेंबर १९९२ मध्ये लुईसशी लढण्याऐवजी बोने विजेतेपदाचा तोच पट्टा कचऱ्याच्या डब्यात टाकला, आणि व्यावसायिक रिंगमध्ये दोघे कधी समोरासमोर आलेच नाहीत. उलट २००२ मध्ये ख्रिस बर्डशी न लढता लुईसने स्वतः एक पट्टा सोडला, तो निर्णय मला पटलेला नाही.

आता निवृत्तीबद्दल. ‘जो लुईस’ नावाचा जुन्या काळातला विजेता (लेनॉक्सशी फक्त नावसाधर्म्य), पंचवीस वेळा किताब राखणारा, निवृत्त होऊन पुन्हा आला आणि ३७ व्या वर्षी मार्सियानोचे ठोसे खात दोरांबाहेर गेला. महंमद अली ३८ व्या वर्षी, ऑक्टोबर १९८० मध्ये, लॅरी होम्सपुढे उभा राहिला. ती लढत मी ध्वनिचित्रफितीवर एकदाच पाहिली, पुन्हा पाहण्याचे धैर्य झाले नाही. पुढे खुद्द होम्सही परतला आणि १९८८ मध्ये टायसनच्या हाती चिरडला गेला. लेनॉक्स लुईसने ६ फेब्रुवारी २००४ रोजी निवृत्ती जाहीर केली तेव्हा तोही ३८ वर्षांचा होता आणि पट्टा त्याच्याकडे होता. क्लिचकोशी पुन्हा लढण्यासाठी मोठी रक्कम सहज मिळाली असती. तो परतला नाही, त्या वर्षी नाही आणि नंतरही कधी नाही. आपल्या लेखकाला यात पळ काढणे दिसते. मला शेवटच्या लढतीत स्वतःचे शरीर काय सांगत होते ते ऐकणारा माणूस दिसतो.

लेखात त्याच्या दोन्ही पराभवांचा उल्लेख आहे, त्यांच्या परतीच्या लढतींचा एका शब्दानेही नाही. निदान त्या दोन निकालांची दुरुस्ती आपण क्रीडा पानावर छापावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक