ब्रेकर पडतो म्हणून ब्रेकरच बदलायचा?

महोदय,

थंडी सुरू झाली की आपल्या पेपरात आतल्या पानावर एक चौकट हमखास येते. गिझरचा किंवा बादलीत सोडायच्या कांडीचा शॉक लागून कुणीतरी गेलं. नाव, वय, मागं कोण कोण आहे, परिसरात हळहळ, आकस्मिक मृत्यूची नोंद. वीज मंडळाच्या टेस्टिंग विभागात 31 वर्षं काढल्यामुळं माझं लक्ष जे छापलेलं नसतं तिकडं जातं. त्या घरात आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की पुरवठा तोडणारा ब्रेकर, होता का? होता तर पडला का नाही? यावर लिहायचं बरेच दिवस मनात होतं. लिहायला बसवलं ते मात्र मुलाच्या बिअरनं.

दचकू नका. मी माळकरी आहे, पंढरीची वारी चुकवत नाही आणि बिअरचा थेंब जिभेला लागलेला नाही. पण मुलगा अमेरिकेत, कोलोरॅडोतल्या डेन्व्हरला असतो आणि सुट्टीच्या दिवशी गॅरेजमध्ये घरच्या घरी बिअर करतो. तिथं ते कायद्यात बसतं. 1978 साली जिमी कार्टर यांनी सही केली आणि पुढच्या वर्षापासून दोन प्रौढ माणसांच्या घराला वर्षाला 200 गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटर, स्वतःपुरती करायला मुभा मिळाली. विकायची नाही. भट्टी लावून ऊर्ध्वपातन तर तिथंही घरात चालत नाही. आपल्याकडं 1949 चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय असलं काही केलं तर थेट गुन्हा. तेव्हा हे पत्र वाचून कुणी माळ्यावरचं पातेलं खाली काढू नये.

आम्ही उभयता तिकडं गेलो, तेव्हा तो गॅसची शेगडी काढून विजेवरची मांडणी करण्याच्या खटपटीत होता. "अहो, पोराच्या हातभट्टीला तुम्ही वायरिंग करून देणार?" असं मंडळींनी विचारलं. मी म्हटलं, मी वायरिंग करणार नाही, मी फक्त बघणार. टेस्टिंगवाल्याचं कामच बघायचं असतं.

मांडणी अशी. चाळीसेक लिटरचं स्टीलचं उंच भांडं, त्याच्या बुडाजवळ आडवं घुसवलेलं 5500 वॉटचं एलिमेंट. पाणी 67 अंशांच्या आसपास आणायचं, मोड आणून वाळवलेलं नि भरडलेलं सातू कापडी पिशवीत भरून त्यात सोडायचं, तासभर तेच तापमान धरायचं. आपण चक्का बांधतो तशी ती पिशवी मग वर टांगून निथळायची. खाली उरतं ते गोड पाणी, ते तासभर खळखळा उकळायचं, त्यात कडूपणासाठी हॉप्सची फुलं टाकायची, गार करायचं, यीस्ट घालून पंधरा दिवस विसरायचं. उकळीचा वास आला आणि मी एकदम आमच्या गुऱ्हाळावर पोचलो. तशीच मळी वर येते, तसाच फेस चढतो, आणि लक्ष हललं की काहीलीतून रस जावा तसं हेही उतू जातं. आमच्या गुळव्याला थर्मामीटर लागत नसे. इथं मात्र तापमान दोन अंश चुकलं तर चव बदलते म्हणे, म्हणून एक डिजिटल कंट्रोलर, भांड्यात सेन्सर, आणि एलिमेंट सेकंदासेकंदाला चालू-बंद करणारा एसएसआर नावाचा इलेक्ट्रॉनिक स्विच.

पहिली अडचण भिंतीतच होती. 5500 भागिले 240, म्हणजे जवळजवळ 23 अँपिअर. एवढी ताकद घरात कपडे वाळवायच्या मशीनच्या प्लगला मिळते, तो 30 अँपिअरचा असतो. मुलाचं घर जुनं. त्या प्लगला तीनच भोकं: दोन फेज, एक न्यूट्रल. अर्थिंग नाहीच! जुन्या काळी तिथं मशीनचं अंग न्यूट्रललाच बांधून मोकळे होत. 1996 पासून नव्या कामात चार तारा सक्तीच्या झाल्या, पण जुनं तसंच राहिलं. मी म्हटलं, पाण्यानं भरलेलं स्टीलचं भांडं, ओला सिमेंटचा कोबा, पायात सपाता, आणि अर्थ नाही. मी असेपर्यंत हे चालू होणार नाही. पोरगं कुरकुरलं, पण लायसन्सवाला इलेक्ट्रिशियन बोलावून त्यानं चार तारांची नवी केबल ओढून घेतली आणि 30 अँपिअरचा जीएफसीआय ब्रेकर, म्हणजे तिकडचा आरसीसीबी, बसवून घेतला. आपला आरसीसीबी 30 मिलिअँपिअर गळतीचा असतो, त्यांचा 5 वरच पडतो. भलताच हळवा.

दुसरी अडचण विजेची नव्हतीच, पण तिनं अख्खा रविवार खाल्ला. पाणी उकळत होतं आणि कंट्रोलरवरचा आकडा 203 फॅरनहाइटच्या वर सरकत नव्हता. मुलानं 212 लावून ठेवलेलं. कंट्रोलर बिचारा आकडा गाठायला पूर्ण ताकद देतोय, भांडं भसाभसा उतू जातंय, आणि हा म्हणतोय सेन्सर खराब, दुसरा मागवतो. मी म्हटलं, थांब, बर्फ आण. बर्फाच्या काल्यात सेन्सर बुडवला, मीटर लावला: बरोबर 100 ओहम. पीटी-100 जातीचा हा सेन्सर शून्य अंशाला हेच दाखवतो. सेन्सर ठणठणीत होता. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून 1600 मीटरवर आहे, तिथं पाणी 95 अंश सेल्सिअसलाच उकळतं. महाबळेश्वरला उघड्या पातेल्यात डाळ शिजत नाही म्हणून आम्ही एकदा सहलीत उपाशी राहिलो होतो, ते हेच. मग उकळीच्या वेळी कंट्रोलर आकड्यावरून काढून हातानं साठ टक्के ताकदीवर ठेवला. फेस काठाशी आला आणि तिथंच डुलत राहिला.

दोन खेपा बऱ्या झाल्या. तिसऱ्या खेपेला पिशवी खाली सरकून एलिमेंटला टेकली, कापड करपलं, आणि एलिमेंटवर जळक्या साखरेचा काळा थर बसला. दूध बुडाला लागतं तसा, पण चारपट चिवट. मुलानं एलिमेंट काढलं, बादलीत साफसफाईची क्षारयुक्त पावडर घातली आणि ते अख्खंच्या अख्खं रात्रभर बुडवून ठेवलं. सकाळी चकचकीत. जोडलं, मेन स्विच दाबला, ब्रेकर ठाक्कन पडला.

पुन्हा चढवला, पुन्हा पडला. गंमत म्हणजे 'हीट'चा स्विच बंदच होता! मुलाचा एक मित्र आला होता, तोही बिअर करणारा, मुरलेला. त्यानं झटक्यात निदान केलं. हे जीएफसीआय असेच असतात, उगीच पडतात, काढ आणि साधा ब्रेकर टाक. माझा पोरगाही मान डोलवायला लागला. फ्यूज सारखा जातो म्हणून त्या जागी तांब्याची जाड तार गुंडाळणारी माणसं मी आयुष्यभर बघितली, ती कराड तालुक्यातच असतात असं मला वाटत होतं.

मी खुर्ची ओढून बसलो. एलिमेंटचा प्लग काढून नुसती कंट्रोल पेटी चालू करायला लावली. ब्रेकर टिकला. म्हणजे पेटी निर्दोष. मग एलिमेंट तपासलं. दोन पिनांमध्ये साडेदहा ओहम, हिशेबानं येतो तेवढाच. आतली तार शाबूत. आता मीटरची एक दांडी पिनेवर, दुसरी एलिमेंटच्या नळीवर. इथं मीटरनं काहीच दाखवायला नको. दाखवले 18 हजार ओहम. मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं खास मीटर, लावायचीही गरज पडली नाही, चोर साध्या मीटरमध्येच सापडला.

एलिमेंटच्या नळीत तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासलेली असते. ती उष्णता जाऊ देते, वीज अडवते, पण ओल मात्र ओढून घेते. अख्खं एलिमेंट टोकांसकट बुडवल्यावर पिनांच्या बाजूनं खारं पाणी आत झिरपलं होतं. 120 व्होल्ट भागिले 18 हजार, म्हणजे साडेसहा मिलिअँपिअर. पाचला पडणारा ब्रेकर पडणारच. त्याची काय चूक?

मग हीट बंद असताना का पडला? ह्यावर मुलगा अडला आणि मला जरा बरं वाटलं. तिथं 240 व्होल्ट म्हणजे आपल्यासारखा एक फेज आणि एक न्यूट्रल नव्हे, दोन्ही तारा जिवंत. जमिनीशी दोघींचे 120-120. एसएसआर त्यातली एकच तोडतो. दुसरी मेन स्विच दाबल्या क्षणापासून एलिमेंटला भिडलेली असते. दिवा विझलेला, आकडा गार, आणि एलिमेंटवर 120 व्होल्ट! मी मीटर लावून त्याला आणि त्या मित्राला दाखवलं. मित्र दोन पावलं मागं सरकला. त्याच्या घरी साधाच ब्रेकर होता. (एसएसआर बिघडतो तोही बहुतेक वेळा चालू अवस्थेतच चिकटून, म्हणून दोन्ही तारा तोडणारा कॉन्टॅक्टर मेन स्विचमागं हवाच. मुलानं तेवढं शहाणपण आधीच केलं होतं.)

उपाय सोपा होता. स्वच्छ पाण्यानं धुतलं, रबरी गॅस्केट काढलं, आणि सूनबाईच्या ओव्हनमध्ये 250 फॅरनहाइटवर, म्हणजे आपल्या 120 अंशांवर, चार तास भाजलं. केकच्या जाळीवर ठेवलेलं एलिमेंट बघून ती बिचारी काही बोलली नाही, फक्त जाळी नंतर दोनदा घासली. गार झाल्यावर मीटर लावला: काहीच दाखवेना. जोडलं, स्विच दाबला, ब्रेकर जागचा हलला नाही. पिशवीखाली आता स्टीलची जाळी आहे, आणि एलिमेंट धुताना पिना पाण्याबाहेर.

आता हेच 18 हजार ओहमचं एलिमेंट आपल्या गिझरमध्ये आहे असं धरा. 230 भागिले 18 हजार, जवळपास 13 मिलिअँपिअर. आपला 30 चा आरसीसीबी एवढ्यावर पडणारही नाही. अर्थिंग धड असेल तर ही वीज गुपचूप जमिनीत जाते आणि कुणाला काही होत नाही. पण प्लगची जाड, अर्थिंगची पिन बोर्डात बसत नाही म्हणून तोडलेली असेल, किंवा कांडीला दोन पिनांचा अडॅप्टर लावला असेल, तर तीच वीज ओल्या हातातून जाते. दहाच्या पुढं बोटांची पकड सुटणं अवघड होतं. ओल वाढत जाते तसा आकडाही वाढतो, आणि मग एका सकाळी आरसीसीबी पडायला लागतो. तेव्हा वायरमनला बोलावलं जातं. तो म्हणतो, हे यंत्रच नाजूक आहे, आणि दोन तारा जोडून आरसीसीबी बाजूला काढतो. घरची माणसं त्याला चहा देतात. असे 'सरळ' केलेले बोर्ड मी किती पाहिले याची मोजदाद नाही.

म्हणून आपल्या वार्ताहरांना विनंती. अशी बातमी देताना पंचनाम्यातून किंवा विद्युत निरीक्षकांकडून दोन गोष्टी विचारून एक ओळ वाढवावी: घरात आरसीसीबी होता का आणि जोडलेला होता का, अर्थिंग होतं का. हळहळीची ओळ हवी तर जागेअभावी गाळावी.

परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी मी स्वतःच्या घरातल्या आरसीसीबीचं 'टी' लिहिलेलं बटण दाबलं. बसवताना दाबलं होतं, त्याला अकरा वर्षं झाली. लोकांना तीन महिन्यांतून एकदा दाबायला सांगत आलो. बटण आत गेलं, खट्का जागचा हलला नाही. मंडळी दारात उभ्या होत्या, काही बोलल्या नाहीत. दुपारी बाजारात जाऊन नवा आणला.

आपला,
एक निवृत्त टेस्टिंग इंजिनीअर
कराड, जि. सातारा