खोकी रिकामी करण्याआधी

चि. निनाद यास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "बाबा, प्रोफेसरांच्या कागदांतलं निम्मं सामान रद्दीच्या लायकीचं आहे." रेल्वेची तिकिटं, कार्यक्रमपत्रिका, कुणाकुणाच्या मुंजीची आमंत्रणं, प्रयोगशाळेतल्या काचसामानाची बिलं. संस्थेला खोली मोकळी हवी आहे आणि तुला यादी हातावेगळी करायची आहे. मी तेव्हा हूं म्हणून विषय बदलला, कारण मी एकदा सीबॉर्ग सांगायला लागलो की जेवणं थंड होतात, अशी तुझ्या आईची जुनी तक्रार आहे. म्हणून हे पत्र. शांतपणे वाच, आणि तोवर रद्दीवाल्याला बोलावू नकोस.

ग्लेन सीबॉर्ग या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाचं नाव तू घरात ऐकलं असशील. ट्रॉम्बेला आमच्या रेडिओकेमिस्ट्रीच्या लॅबमध्ये तो माणूस म्हणजे घरातल्या थोरल्या काकांसारखा होता. कुणी पाहिलेला नाही, पण उल्लेख रोजचा. जन्म १९ एप्रिल १९१२, मिशिगनमधल्या इशपेमिंग नावाच्या लोखंडाच्या खाणींच्या गावी. घरात स्वीडिश बोलत. मुलगा दहा वर्षांचा असताना कुटुंब कॅलिफोर्नियात आलं. तिथे शाळेत ड्वाइट लोगन रीड नावाचे शिक्षक रसायनशास्त्र शिकवायला होते, आणि पोरगं त्या विषयाच्या नादी लागलं ते कायमचं. १९३७ साली बर्कलीला पीएच.डी. झाली. पुढच्याच वर्षी लिव्हिंगुड नावाच्या सहकाऱ्याबरोबर त्याने आयोडीन-१३१ शोधलं. तुझ्या मावशीला थायरॉइडसाठी जे 'आयोडीन' दिलं होतं ना, आणि चार दिवस मुलांना जवळ घेऊ नका म्हणून बजावलं होतं, ते हेच. सीबॉर्गच्या स्वतःच्या आईच्या थायरॉइडवर पुढे याच आयोडीनने उपचार झाले. टेक्नेशियम-९९एम हे शरीराच्या स्कॅनसाठी वापरतात ते किरणोत्सारी द्रव्य त्याच वर्षीचं, सेग्रे या सहकाऱ्याबरोबरचं. कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलच्या न्यूक्लिअर मेडिसिन विभागात जा, सकाळपासून तेच चालू असतं. एवढं काम करून माणूस थांबला असता तरी नाव राहिलं असतं.

पण नाव झालं ते प्लुटोनियमने. डिसेंबर १९४० मध्ये बर्कलीच्या साठ इंची सायक्लोट्रॉनमध्ये (कणांना प्रचंड वेग देणारं यंत्र) युरेनियमवर ड्यूटेरॉनचा, म्हणजे जड हायड्रोजनच्या अणुकेंद्रांचा, मारा केला. आता त्यात ९४ क्रमांकाचं नवं मूलद्रव्य तयार झालंय हे रसायनाने सिद्ध करायचं होतं. काम गिलमन हॉलच्या ३०७ नंबरच्या खोलीत चाललं होतं. माळ्यासारखी वरच्या मजल्यावरची छोटी खोली. २३ फेब्रुवारी १९४१ च्या रात्री, बाहेर वादळी पाऊस असताना, आर्थर वॉल या विद्यार्थ्याने तो निर्णायक ऑक्सिडेशनचा प्रयोग पार पाडला. वॉल तेव्हा पीएच.डी. करत होता. शोधात मॅकमिलन, जोसेफ केनेडी, सीबॉर्ग आणि वॉल अशी चार नावं आहेत. १९५१ चं नोबेल मिळालं ते मॅकमिलन आणि सीबॉर्ग या दोघांना. मला ही वाटणी कधीच पटलेली नाही. पण बघ, वॉलचं नाव आपल्याला ठाऊक आहे ते नोंदवह्यांमुळे. कोणत्या रात्री कोणाच्या हातात टेस्ट ट्यूब होती, हे बक्षीस समित्या लिहून ठेवत नाहीत.

यानंतर, अणुबॉम्बच्या प्रकल्पापायी, सगळं गुप्त झालं. शोधनिबंध लिहून 'फिजिकल रिव्ह्यू'कडे दिलेला होता, तो छापून आला १९४६ साली. सीबॉर्ग त्या प्रकल्पाच्या कामासाठी शिकागोला पोचला तो १९ एप्रिल १९४२ ला, म्हणजे त्याच्या तिसाव्या वाढदिवशीच. जूनमध्ये तो हेलन ग्रिग्जला आणायला परत गेला. ही बर्कलीच्या प्रयोगशाळेचे प्रमुख लॉरेन्स यांची सेक्रेटरी. येताना दोघं नेवाडात एका आडगावी गाडीतून उतरली, लग्न लावायला. तिथे कळलं की परवाना इथे मिळत नाही, पिओश नावाच्या गावी जावं लागेल. मग टपालाच्या गाडीत बसून दोघं तिकडे गेली आणि लग्न लागलं. जगातला सर्वांत गुप्त प्रकल्प, आणि त्यातला एक म्होरक्या टपालाच्या गाडीत बसून लग्नाला निघालेला! हे आपल्याला माहीत आहे, कारण हा मनुष्य रोज लिहायचा. चौदाव्या-पंधराव्या वर्षापासून त्याला ती सवय होती.

आता मुद्द्यावर येतो. १० सप्टेंबर १९४२ ला शिकागोत कनिंगहॅम आणि वर्नर या दोघांनी प्लुटोनियमचं संयुग पहिल्यांदा तराजूवर तोललं. वजन भरलं २.७७ मायक्रोग्रॅम. साखरेचा एक दाणा याच्यापेक्षा शेकडो पट जड असतो. एवढ्याशा कणावरून त्यांनी रसायन ठरवलं, आणि स्टॅन्ली थॉम्पसनने (हा सीबॉर्गचा शाळासोबती) प्लुटोनियम वेगळं काढायची बिस्मथ फॉस्फेटची पद्धत काढली, तीच अब्जपटीने मोठी करून हॅनफर्डला कारखाना उभा राहिला. आम्हा लोकांना लॅबमधून पायलट प्लँटवर जाताना, दहापट वाढवताना घाम फुटायचा. अब्जपट म्हणजे काय ते ज्याने केमिकल प्लँट पाहिलाय त्यालाच कळेल.

तो पहिला कण पुढे बर्कलीत एका विज्ञान संग्रहालयात मांडलेला होता. मग प्रदर्शन बदललं, वस्तू उचलल्या गेल्या, आणि किरणोत्सारी माल म्हणून ती डबी विद्यापीठाच्या धोकादायक कचऱ्याच्या भांडारात जाऊन पडली. तिथल्या एका सुरक्षा कर्मचाऱ्याच्या ती हाती लागली. प्लॅस्टिकची छोटी डबी आणि तिच्यावर लेबल: वजन केलेला प्लुटोनियमचा पहिला नमुना, २.७ मायक्रोग्रॅम. त्याच्या जागी दुसरा कोणी असता तर नियमाप्रमाणे ड्रममध्ये टाकून मोकळा झाला असता.

पण नुसतं लेबल म्हणजे पुरावा नव्हे. २०१४ मध्ये तिथल्या संशोधकांनी डबी न उघडता गॅमा डिटेक्टरपुढे ठेवली. इथे मला तुला थोडं शिकवू दे, तुझ्या आईने हा भाग सोडून दिला तरी चालेल. रिअॅक्टरमध्ये केलेल्या प्लुटोनियममध्ये प्लुटोनियम-२३९ बरोबर थोडं प्लुटोनियम-२४१, म्हणजे त्याचाच जरा जड प्रकार, येतंच. ते साधारण चौदा वर्षांत निम्मं होतं आणि त्याचं अमेरिसियम-२४१ बनतं. अमेरिसियमची गॅमा किरणांतली साठ केईव्ही ऊर्जेजवळची रेघ इतकी ठळक असते की आमच्या काउंटिंग रूममध्ये नवा पोरगाही ती पहिल्या दिवशी ओळखायचा. जुना नमुना असेल तर ती दिसायलाच हवी. या डबीत ती दिसली नाही. २३९ च्या रेघा मात्र होत्या. म्हणजे हे प्लुटोनियम रिअॅक्टरचं नाही, सायक्लोट्रॉनच्या न्यूट्रॉनांनी केलेलं आहे. आणि सप्टेंबर १९४२ चा नमुना तसाच केलेला होता. पहिला रिअॅक्टरच मुळी त्या वर्षीच्या डिसेंबरात सुरू झाला. लेबल, जुन्या नोंदीतलं वजन आणि ती न दिसलेली रेघ, तीन गोष्टी जुळल्या तेव्हा डबी ओळखली गेली. जुनी नोंद नसती तर डिटेक्टरने एवढंच सांगितलं असतं की यात प्लुटोनियम आहे.

तुझ्या प्रोफेसरांची काचसामानाची बिलं तुला निरुपयोगी वाटतात. कुठल्या महिन्यात त्यांनी कोणतं काचसामान मागवलं, त्यावरून कोणता प्रयोग कधी सुरू झाला हे सांगता येतं, आणि पेपरमध्ये छापलेली तारीख त्याच्याशी जुळते का, हेही. ती तू ठेवायचीस.

आता डायऱ्यांची गोष्ट. १९६१ ते १९७१ अशी दहा वर्षं सीबॉर्ग अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाचा अध्यक्ष होता. केनेडी, जॉन्सन, निक्सन असे तीन राष्ट्राध्यक्ष. १९६३ चा अणुचाचणीबंदी करार त्याच काळातला. आपल्या तारापूरच्या प्रकल्पासाठी भारत-अमेरिका करार झाला तोही ऑगस्ट १९६३ मध्येच, म्हणजे हाच खुर्चीवर असताना. रोजची डायरी चालूच होती. पद सोडताना त्याने ती रीतसर तपासून घेतली. गुप्त काही नाही असा निर्वाळा मिळाला. बारा वर्षांनी, १९८३ मध्ये, सरकारी खात्याच्या इतिहासकाराने एक प्रत वाचायला मागितली. आणि मग जे सुरू झालं ते वाचून माझ्यासारखा आयुष्यभर 'गोपनीय' शिक्क्याच्या फायली हाताळलेला माणूसही कपाळाला हात लावतो. खातं म्हणालं, यात गुपितं आहेत. पुन्हा तपासणी, पुन्हा काटछाट, त्याची स्वतःची प्रतही नेली. जे आधीच छापून जगजाहीर झालं होतं तेही खोडलं. मुलांना घेऊन हॅलोवीनच्या संध्याकाळी शेजारीपाजारी फिरल्याची नोंद खोडली. बायको इंग्लंडात सहलीला गेली होती, तेही खोडलं! शेवटी १९९४ साली त्याने 'सायन्स' साप्ताहिकात लेख लिहून या प्रकाराचे वाभाडे काढले.

मी त्यावर हसलो, पण एक गोष्ट मला बोचली. ज्यांनी हॅलोवीन खोडलं ते काही मूर्ख नव्हते. चाळणी हातात दिली की माणूस चाळत सुटतो, आणि कशाचं मोल काय हे त्याला त्या क्षणी कळत नसतं. तूही सध्या तेच काम करतो आहेस, फक्त उलट्या बाजूने.

सीबॉर्गचे कागद आज वॉशिंग्टनला लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या हस्तलिखित विभागात आहेत. मला त्या माणसाबद्दल आदर आहे, पण स्वतःच्या कामाची इतकी टापटीप नोंद ठेवणाऱ्याचा थोडा संशयही येतो. त्याला इतिहासात आपली जागा कुठे आहे हे चांगलं ठाऊक होतं. १०६ क्रमांकाच्या मूलद्रव्याला जिवंतपणी आपलं नाव मिळालेलं पाहणारा तो पहिलाच, आणि त्याचं त्याला भारी कौतुक होतं. सीबॉर्गियम, लॉरेन्सियम, बर्केलियम, कॅलिफोर्नियम, अमेरिसियम अशी पाच मूलद्रव्यं लिहिली की आपला पूर्ण पत्ता होतो (नाव, प्रयोगशाळा, गाव, राज्य, देश), असा विनोद प्रचलित होता. असा माणूस डायरी लिहितो तेव्हा आरशात बघूनच लिहितो. म्हणून त्याच्या डायरीइतकीच दुसऱ्यांनी त्याला लिहिलेली पत्रं महत्त्वाची, आणि बिलं तर त्याहून. बिल कुणी इतिहासासाठी लिहीत नाही.

आणखी एक. जून १९४५ मध्ये शिकागोतल्या सात शास्त्रज्ञांनी सरकारला अहवाल दिला की जपानवर अचानक बॉम्ब टाकू नका, आधी ओसाड जागी दाखवा. अध्यक्ष जेम्स फ्रँक. सातांत सीबॉर्गची सही आहे. अहवाल मानला गेला नाही. ९ ऑगस्टला नागासाकीवर पडला तो प्लुटोनियमचाच बॉम्ब, त्यात सहा किलोच्या आसपास प्लुटोनियम होतं, हॅनफर्डचं, म्हणजे त्याच्याच लोकांच्या पद्धतीने काढलेलं. आणि ११ नोव्हेंबरला हाच माणूस रेडिओवर मुलांच्या प्रश्नमंजूषेत बसला होता. एका मुलाने विचारलं, आणखी नवी मूलद्रव्यं सापडली का? याने ९५ आणि ९६ सांगून टाकली, औपचारिक घोषणा व्हायच्या आधीच. सही, बॉम्ब आणि ती रेडिओवरची गंमत, सगळं सहा महिन्यांच्या आतलं. चरित्रकार यातलं एक उचलतो आणि त्याभोवती माणूस उभा करतो. तुझं काम चरित्रकाराचं नाही. तिन्ही कागद एकाच खोक्यात, तारखेच्या क्रमाने राहिले पाहिजेत, एवढंच तुझ्याकडे आहे.

आता कामाचं सांगतो. एक, प्रोफेसरांनी ज्या क्रमाने फायली लावल्या आहेत तो क्रम मोडू नकोस, कितीही विचित्र वाटला तरी. तिकिटं आणि पत्रिका एका पाकिटात असतील तर एकाच पाकिटात राहू देत. कदाचित ती एकाच प्रवासाची असतील. स्टेपलच्या पिना काढ, गंजतात. टाचणीच्या जागी काही लावू नकोस, कागदाची घडी पुरते. त्यांच्या सूनबाईंनी घरगुती पत्रं वगळायला सांगितली आहेत म्हणालास. त्यांचा तो हक्क आहे, वाद घालू नकोस. पण जिथून पत्र काढशील तिथे चिठ्ठी ठेव: किती पानं काढली, कोणत्या तारखेची, कुणाच्या सांगण्यावरून, आणि खाली तुझी सही. सीबॉर्गच्या डायरीतून जे खोडलं गेलं त्याबद्दल आज आपण बोलू शकतो, कारण खोडलंय हे तरी दिसतं.

संस्थेच्या कार्यालयाला माझं नाव न घेता सांग की काम पावसाळ्याआधी होणार नाही. खोली ओल धरत असेल तर खोकी जमिनीवरून उचलून फळ्यांवर ठेव, आणि वाळवीचं आधी बघ. आई विचारते आहे की मेतकूट संपलं का. तुझा मामा रविवारी पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर पाठवू.

तुझा,
बाबा

ता. क. प्रोफेसरांच्या नोंदवह्यांत कडेला पेन्सिलीने आद्याक्षरं लिहिली आहेत म्हणालास. ती बहुधा त्या त्या दिवशी काम करणाऱ्या विद्यार्थ्यांची असणार. विद्यापीठाकडून जुन्या प्रवेशाच्या याद्या मिळतात का बघ. त्यांतले कुणी हयात असतील तर त्यांना आत्ताच गाठलेलं बरं.