तू अजून विश्वस्त आहेस

परळ, ८ जून २०२५

प्रिय बाळ्या,

सहा महिने ना पत्र ना फोन. शिव्या मनातल्या मनात घालून मोकळा हो. तब्येत बरी आहे, साखर आटोक्यात आहे, पुढे.

शुक्रवारी वरळीला धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत जाऊन आपल्या वाचनालयाच्या पीटीआरचा, म्हणजे सार्वजनिक न्यास नोंदवहीचा, ताजा उतारा काढला. विश्वस्त सात. मास्तर त्यात ठणठणीत जिवंत आहेत, आणि सातवं नाव तुझं! २०१४ साली माझ्या अंगावर राजीनामा फेकून गेलास, तो फायलीला लागलाच नाही. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा असतो. आपण अकरा वर्षं घेतली. आता आधी विलंब माफीचा अर्ज, मग सभेची सूचना, ठराव, नव्या माणसांची संमतीपत्रं, मास्तरांचा मृत्यूचा दाखला. हे होईतो बँक सह्या बदलत नाही. चेकवर चालणाऱ्या दोन सह्यांपैकी एक मास्तरांची आहे, म्हणजे बघ.

आणि सचिवपद माझ्या गळ्यात येतंय. काकूंनी मार्चमध्ये चाव्या टेबलावर ठेवल्या. मी हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. हे फक्त तुलाच सांगता येईल, कारण भांडण याच मुद्द्यावर झालं होतं. लेखकाने संस्था चालवू नये, लेखणीला जमाखर्चाची सवय लागते, असं तू म्हणालास. मी तुझ्या तोंडावर अनिल अवचट फेकले: माणूस लिहीतही होता आणि १९८६ पासून मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्रही उभं होतं. तू बटाटेवडा अर्धा टाकून उठलास. वड्याचं अजून वाईट वाटतं.

अवचट मी अर्धेच वाचले होते, हे आता कळतंय. गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, व्यसनावर त्यांनी लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई मदतीला पुढे आल्या, इथवर मला पाठ होतं. पण संस्थेची रोजची घडी बसवली ती डॉ. सुनंदाबाईंनी, मनोविकारतज्ज्ञ म्हणून. घरही त्यांच्याच पगारावर चालायचं, म्हणून एमबीबीएस झालेला हा माणूस हिंडून लिहू शकला. १९९७ साली त्या गेल्या, पुढे मुलीने, मुक्ताने, धुरा घेतली. म्हणजे माझं उदाहरण मुळात दोन माणसांचं होतं. माझ्याकडे सुनंदाबाई नाहीत. हिला विचारलं तर म्हणाली, आधी गच्चीवरची गळती बघा.

तर कामाचा हिशोब असा. ३१ मार्चला वर्ष संपतं. ऑडिट करून हिशोब सहा महिन्यांत धर्मादायकडे. आयकराचा ऑडिट अहवाल ३० सप्टेंबरपर्यंत. उत्पन्नाचे ८५ टक्के त्याच वर्षी खर्चायचे, नाहीतर उरलेले कशासाठी साठवतोय ते मुदतीत कळवायचं. देणगीदारांची यादी, म्हणजे फॉर्म १०बीडी, ३१ मेपर्यंत. ती गेली नाही. दिवसाला दोनशे रुपये, आज आठवा दिवस, सोळाशे झाले. का गेली नाही? पावतीपुस्तकात अर्ध्या पावत्यांवर ‘एक हितचिंतक’. मास्तरांना त्यात मोठेपणा वाटायचा. यादीत मात्र पॅन किंवा तसाच दुसरा ओळख क्रमांक लागतो, आणि निनावी देणग्या एका मर्यादेपलीकडे गेल्या की त्यांवर तीस टक्के कर. शिवाय दोन हजारांवरची रोख देणगी घेता येते, पण देणाऱ्याला आयकरातली ८०जीची सूट मिळत नाही, आणि मग तो आपल्यालाच चोर समजतो. यंदा पाऊस २६ मेलाच आला, त्यात कपाटाचा खालचा खण भिजला. इतिवृत्ताची वही बचावली, जुनी पावतीपुस्तकं पापड झाली.

हे सगळं एक अर्धवेळ हिशोबनीस आणि दर शनिवारचे तीन तास, एवढ्यात बसेल. पावती तिथल्या तिथे पूर्ण भरायची, रोख दुसऱ्या दिवशी बँकेत, व्हाउचरवर दुसऱ्याची सही. जमाखर्चाने लेखणी मरत नाही रे, तिथे तू चुकलास. उलट व्हाउचर खोटं बोलू देत नाही.

लेखणी मरते ती अनुदानाच्या अहवालात. मी तीन रात्री तो लिहितोय. गिरणगावातली पोरं आली की आधी शेवटचं पान वाचतात, आवडलं तरच पुस्तक घरी नेतात. अहवालात ती ‘१४० लाभार्थी’ होतात. त्यातली साठ दिवाळीनंतर फिरकली नाहीत, कारण संध्याकाळी ती पार्सलं पोचवायला जातात. ते ‘आव्हाने’ या रकान्यात दोन ओळींत, आणि लगेच खाली ‘उपाययोजना’. कथा नेमकी त्या साठांपाशी सुरू होते आणि मी तिथे उपाययोजना लिहितो. काल स्वतःच्या कथेत ‘सदर मुलगा’ असं लिहिलेलं सापडलं. खाडाखोड केली, पण घाम फुटला.

म्हणून ठरवतोय: सचिव होईन, पण अहवाल माझ्या हातचा नाही. सकाळी सहा ते नऊ माझे, त्यात संस्थेचा फोनसुद्धा नाही. अहवाल कोण लिहिणार? कायद्याने अजून विश्वस्त आहेस, नागपुरात बसून लिहिता येतो. आकडे मी पाठवतो.

पिंट्याचं लग्न ठरलं म्हणे, पुण्यात का? वहिनींचा गुडघा? नव्या घरात पाणी दोन्ही वेळेला येतं ना? कळव.

आणि तो राजीनामा शोध. तुझ्याकडे कार्बन कॉपी असणार, तू कधी काही टाकत नाहीस. सापडला तर त्यावरची तारीख कळव. पाठवू मात्र नकोस एवढ्यात.

तुझा,
अण्णा